गोमाजी दामाजीचा अंगठा

यादीत दोनशे चौदा नावं होती. मी ती दीड दिवसात तपासली, आणि तिथेच माती खाल्ली.

यादी कसली ते आधी सांगते. ठाण्याच्या खाडीला लागून आमचा कोळीवाडा. गावाचा एक धक्का आहे. म्हणजे होता. तिथे होड्या लागायच्या, बाजूच्या मोकळ्या जागेत बाप्ये जाळी विणायचे, बायका जवळा सुकत घालायच्या. जागा कुणा एकाची नाही, गावाची. चौऱ्याण्णव साली घोडबंदर रोडला टॉवर उभे राहायला लागलेले, आणि एका बिल्डरला खाडीकडून रस्ता पाहिजे होता. तो धक्क्यावरूनच जाणार. आमचा नगरसेवक कान्हाशेठ, आमच्याच गावचा, त्याने एक कागद वर पाठवला. कागदावर काय, तर इथे भराव टाकून मच्छी मार्केट बांधायला गावाची काही हरकत नाही. खाली दोनशे चौदा नावं आणि प्रत्येक नावापुढे अंगठा.

गावात हा कागद कुणी बघितलेलाच नव्हता.

माझे बाबा, हरिहर, 'ओहोटी' नावाचं साप्ताहिक काढायचे. चार पानांचं. बातमी तेच आणायचे, तेच लिहायचे, वर्तकनगरला आनंदकाकांच्या प्रेसमध्ये खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायला पण तेच बसायचे, आणि छापून झालं की सायकलला गठ्ठा लावून वाटत फिरायचे. लोक चेष्टा करायचे, हरिहर, ओहोटी काय नाव झालं? बाबा बोलायचे, भरतीला सगळीच खाडी चांगली दिसते.

मी नववी नापास. नापास व्हायच्या आधीच सोडलेली खरं तर. भूगोलाच्या बाई एकदा बोलल्या, तुळसा, तू मागच्या बाकावर बस, मासळीचा वास येतो. मी डस्टर फेकला. त्यांना लागला नाही, खिडकीला लागला, काच फुटली. दुसऱ्या दिवशी माफी मागायला बोलावलं, मी गेलेच नाही. आईने झाडू काढला. बाबा मध्ये पडले. "रोज पेपर वाचते ना, पुरे झालं," बोलले.

तर त्या कागदाची झेरॉक्स बाबांना कुठून मिळाली ते मला पण बोलले नाहीत. माझ्यापुढे टाकली आणि म्हणाले, "मी विचारायला गेलो तर लोक गप्प बसतील. तू कुणाच्या पण घरात घुसतेस. तू जा. कुणी खरंच अंगठा दिलाय, कुणी नाही, कोण हयात नाही, सगळं टिपून आण. आणि जो गेलाय त्याचा मयताचा दाखला बघायचा. स्वतःच्या डोळ्यांनी."

"दाखला कशाला? गावात कोण मेलं ते मला माहीत नाय काय?"

"तरी बघायचा."

मी हो बोलले.

घरोघर फिरले. या कागदाला एकाने पण अंगठा दिला नव्हता. काही जणांचं म्हणणं, रॉकेलच्या कार्डासाठी म्हणून कान्हाशेठच्या पोरांनी अंगठे घेतलेले, ते हेच असतील. हे ऐकून माझं डोकं इतकं सटकलं की पुढचं काम मी पळत केलं. दाखले काढायचे म्हणजे प्रत्येक घरात ट्रंका उघडा, म्हाताऱ्यांच्या रडारडी ऐका. कोणाला एवढा टाइम आहे? अकरा जण गेलेले निघाले. सगळे मला माहीत होते.

यादीत पहिलंच नाव गोमाजी दामाजी. हा म्हातारा म्हणजे गावाचा मान. तरुणपणी मुंब्र्याच्या डोंगराचा दगड होडीतून आणून धक्का बांधायला सुरुवात केली ती यानेच. मी आठ वर्षांची होते तेव्हा गेला, त्याच्या तिरडीमागे अख्खं गाव होतं. तरी त्याच्या म्हातारीकडे, जनाबाईकडे मी गेले.

"आजी, तुमचे म्हातारे कधी गेले?"

"आठ वर्सं जाली गो बाय. कशाला इचारतं?"

"असंच."

"असंच कोन इचारतं मेलेल्या मानसाचा? चाय घे."

चहा घेतला आणि उठले. दाखला नाही मागितला.

बाबांनी ते नाव बघितलं आणि झेरॉक्स घडी करून खिशात घातली. मग प्रेसमध्ये जाऊन स्वतः मथळा जुळवला. 'अकरा मयतांची संमती.' खाली मोठ्या खिळ्यात, ज्याने धक्का बांधला त्या गोमाजी दामाजींनी मरणानंतर आठ वर्षांनी तो देऊन टाकला, असं. आनंदकाका चष्मा वर करून प्रूफ वाचत होते. पांढरा झब्बा, कायम स्वच्छ, शाईच्या प्रेसमध्ये हा माणूस स्वच्छ कसा राहतो कोण जाणे.

"हरिहर, फार थेट लिहिलं आहेस. दाखले पाहिलेस ना सगळे?"

बाबांनी माझ्याकडे बोट केलं. "हिने पाहिलेत."

काकांनी माझ्याकडे बघितलं. माझी मान हलली. वरून खाली.

अंक आला आणि गावात दिवाळी झाली. मुंबईच्या एका मोठ्या पेपरने पण बातमी उचलली. वरून चौकशी लागली, एक साहेब नेमला. भराव टाकायला डेब्रिजचे ट्रक धक्क्याच्या तोंडाशी येऊन उभे होते ते मागे फिरले. आठ दिवस एक पण ट्रक नाही. आई, सगुणा तिचं नाव, ठाण्याच्या बाजारात मासळी विकायची. तिच्या बाजूच्या बायका तिला बोलायला लागल्या, तुझ्या नवऱ्याने कमाल केली गो. आई पापलेट उलटं करत बोलायची, "कमाल करतो, घरात तांदूळ आनायला सांगा." पण हसत होती. बाबा तिच्याशी लग्न झाल्यापासून पेपरच काढत होते, आणि त्या पेपरमुळे तिला हसताना मी पहिल्यांदा बघितलं.

मग साहेब रविवारी दुपारी गावात आला. गावदेवीच्या देवळापुढे गावकी बसली. पुढे बाप्ये, मागे बायका, आमच्यात तसंच बसतात. साहेबाला खुर्ची, मांडीवर फाइल. बाबा एका बाजूला उभे. कान्हाशेठ आला तो हात जोडत. पांढरे कपडे, कपाळाला गंध. मला वाटलेलं हा ओरडेल, शिव्या देईल. आवाज पण चढवला नाही त्याने.

"साहेब, हरिहर माझा लहानपणचा दोस्त. लिहितो चांगलं. फक्त एक माणूस तुम्हाला दाखवतो."

मागे मारुती व्हॅन होती. तिच्यातून बाळ्या उतरला.

बाळ्या जनाबाईचा नातू. डोंबिवलीला एमआयडीसीत कामाला, बायकोपोरं घेऊन तिकडेच राहायचा, सणाला यायचा. नवीन शर्ट घातलेला. घड्या पण मोडलेल्या नव्हत्या शर्टाच्या.

"नाव सांग साहेबांना."

"गोमाजी दामाजी."

बायकांच्यात जनाबाईने पदर तोंडावर ओढला. बाळ्याच्या आईने तोंड फिरवलं. आणि तेव्हा मला कळलं, ही गोष्ट गावात कुणालाच कशी सुचली नव्हती ते. आमच्यात नातवाला आजाचं नाव ठेवतात, म्हणून म्हाताऱ्याचा मुलगा दामाजी आणि त्याचा मुलगा परत गोमाजी दामाजी. पण सुनेने सासऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नसतं, म्हातारीने नवऱ्याचं नाही. मग पोराला हाक कशी मारायची? म्हणून बाळ्या. जन्मापासून बाळ्या. त्याचं खरं नाव बारशाला एकदा घेतलं असेल आणि नंतर शाळेच्या दाखल्यावर. बाबा त्याला बाळ्या बोलायचे, मी बाळ्यादादा बोलायची.

"जिवंत आहेस ना रे?" कान्हाशेठ बोलला. सगळे हसले. बाबांच्या बाजूचे पण हसले. हसू येण्यासारखंच होतं.

"हा अंगठा तुझा?"

बाळ्याने कागदाकडे बघितलंच नाही. "माझाच."

साहेब बाबांकडे वळला. "तुम्ही तर छापलंय, हे मयत आहेत."

"माझी चूक झाली," बाबा म्हणाले. लगेच. एक क्षण पण थांबले नाहीत. "पुढच्या अंकात पहिल्या पानावर दुरुस्ती छापतो, यांची माफी मागतो. पण साहेब, अजून दहा नावं आहेत. ती तपासा. दहातलं एक जरी खरंच मयत निघालं तरी कागद खोटा आहे."

साहेब माणूस वाईट नव्हता. त्याने पेनाचं टोपण काढलं. "द्या दहा नावं."

मी बघत होते. टोपण काढलेलं होतं. नुसतं गप्प बसायचं होतं मला.

कान्हाशेठ हसला. "घ्या साहेब, घ्या लिहून. फक्त याला एक विचारा, पहिलं नाव खोटं छापायला कुणी सांगितलं? दुसरा एक बिल्डर आहे, त्याला पण हीच जागा पाहिजे. हरिहरच्या घरात त्याचं पाकीट कितीचं आलं, ते पण लिहा."

बाबा गप्प. मान खाली. माझं नाव पुढे येऊ नये म्हणून ते गप्प होते, हे तेव्हा मला कळलं नाही, मला वाटलं हरले. आईने माझं मनगट धरलेलं, मी ते सोडवलं आणि बायकांच्यातून पुढे गेले. गावकीत पोरगी बोलत नाही. मी बोलले.

"ए कान्हाशेठ! माझ्या बापाने कुणाचं पाकीट नाय घेतलं! चूक त्यांची नाय, माझी हाय. यादी मी तपासली. मी एकटी फिरले घरोघर. दाखले पण मीच नाय बघितले!"

बाबांनी डोळे मिटले.

कान्हाशेठ माझ्याकडे असा बघत होता, जशी मी त्याचीच लाडकी भाची. अगदी हळू बोलला. "शाब्बास बाय. खरं बोललीस. किती शिकलीस तू?"

"नववी."

"पास?"

मागून कुणीतरी बोललं, "काच फोडून पलाली ती!" परत हसले सगळे.

"साहेब," कान्हाशेठ बोलला, "ही यांची चौकशी. नववी नापास पोरीने दीड दिवसात केलेली. दाखला एक बघितला नाही, तीच सांगते. आणि हिच्या सांगण्यावर यांनी मुंबईच्या पेपरला, वरच्या ऑफिसला, अख्ख्या गावाला कामाला लावलं."

साहेबाने बाबांना विचारलं, "हे खरं आहे?"

बाबा हो म्हणाले. नाही म्हणता आलं असतं. मी पोरगी, उगाच बोलते, असं सांगून मला घरी पाठवता आलं असतं. त्यांनी आयुष्यात खोटं छापलं नव्हतं, ते एक नाव सोडून, आणि ती चूक पण माझी होती.

साहेबाने टोपण लावलं.

दहा नावं त्याने घेतलीच नाहीत. कुणाचं काय चुकलं म्हणून नाही, घ्यायची गरजच उरली नाही. आठ दिवस कोळीवाड्याला जिच्यावर भरवसा होता ती बातमी एका पोरीची बडबड निघाली.

ट्रक मंगळवारी आले.

पुढचं सगळं पटापट झालं. बाबा दुरुस्ती घेऊन प्रेसमध्ये गेले, मी बरोबर होते. आनंदकाकांनी दरवाजा अर्धाच उघडला. "हरिहर, मला घर आहे रे. पोरीचं, उत्तराचं लग्न ठरतंय," म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "तू मान हलवली होतीस, बाळ." एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं. आम्ही बाहेर पडलो आणि नाक्यावर चार पोरांनी बाबांची सायकल अडवली. त्यातल्या दोघांना बाबांनी शाळेच्या परीक्षेला बसवलेलं, फॉर्म भरून दिलेले. दुपारचे तीन वाजले होते, रस्ता भरलेला. मी एकाला चावले, त्याने मला गटारात ढकललं. बाबांच्या उजव्या खांद्याचं हाड मोडलं. पोलिसाने लिहून घेतलं, सायकलवरून पडले.

आईच्या पाटीला बर्फ मिळेना. रोज तिच्या जागेवर दुसरीच कुणीतरी बसलेली असायची. कुणी भांडत नव्हतं तिच्याशी, नुसतं बोलत नव्हते. गणपतीला कुणी आमच्या दारात पाय ठेवला नाही. आई एक दिवस भांडी बांधायला बसली.

"मी भावाकडे उत्तनला जातंय. तिकडं धंदा करीन."

बाबा बोलले, "जा. बरोबर आहे."

"तू पण 'बरोबर' बोलशील माहीत होता मना," आई त्यांना बोलली, आणि मग माझ्याकडे वळली. "तुज्या तोंडाने घर खाल्ला, तुळसा." ती चिडून बोलली असती तर मी उलटं बोलले असते. ती पातेल्यात वाट्या रचत बोलली.

आता आम्ही डोंबिवलीला राहतो, बाबा आणि मी. एक खोली. बाबा एका प्रेसमध्ये लग्नपत्रिका जुळवतात. हाड नीट बसलं नाही, उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, म्हणून वरच्या खणातले खिळे ते डाव्या हाताने काढतात आणि मंद झालेत. मालक रोज बोलतो. 'ओहोटी'चा शेवटचा अंक तोच. दुरुस्ती कधी छापलीच नाही, ते त्यांना सगळ्यात जास्त लागतं. मला एकदा पण ओरडले नाहीत. कधी कधी मी मुद्दाम भांडण काढते, ते भात गिळतात आणि बोलतात, "जेव."

बाळ्या मला मार्चमध्ये भेटला. रेशनच्या लाइनीत. दाढी वाढलेली, पिशवी फाटकी. कारखाना बंद पडलेला, आणि कान्हाशेठने मार्केटमध्ये गाळा देतो म्हणून बोललेला तो दिला नव्हता. मार्केटच नव्हतं तर गाळा कसला. तिथे रस्ता झालाय.

आधी मी त्याच्या थोबाडीत मारली असती. मारणारच होते.

तोच बोलला. "तू पण ना तुळसा. गप बसली असतीस तर."

"काय झालं असतं?"

"साहेबाने मला काय विचारायला पायजे होतं? सही कर. बस. मी सातवी शिकलोय, कारखान्यात पगाराला सही करायचो. अंगठा कशाला देईन मी? कागदावर अंगठा होता ना. मी तिथे उभा राहून वाट बघत होतो, कोण विचारतंय."

लाइन पुढे सरकली. मी सरकले नाही. मागची बाई खेकसली, "ए, चल ना पुढे!"

दोनशे चौदा अंगठे मी मोजलेले. त्यातले निम्मे लोक सही करणारे. ते मी बघितलंच नव्हतं. बाबांनी पण नाही. आम्ही मेलेले शोधत होतो.

"मग तू स्वतःहून का नाय बोललास?"

"दोन पोरं हायत मला," तो बोलला. "तुझ्या बापाला पण एक होती. पण त्याचं डोकं वेगळं."

"आता लिहून दे."

"आता कुणाला?"

मी चिडले नाही. चिडून काय होतं ते मला माहीत झालंय. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या खोलीवर गेले, त्याच्या बायकोबरोबर भाजी निवडत बसले. तिसऱ्या दिवशी परत. काही मागितलं नाही. पाचव्या दिवशी त्याने स्वतःच पोराच्या वहीतलं पान फाडलं आणि लिहिलं. अंगठा माझा नाही, मला सही येते, मी पैशासाठी खोटं बोललो. खाली गोमाजी दामाजी, मोठ्या गोल अक्षरात, शाळेतल्यासारखं.

मी पळत घरी आले. बाबांनी पान दिव्याखाली धरलं, दोनदा वाचलं.

"तारीख नाही," म्हणाले. "साक्षीदार नाही. हे कुणीही म्हणेल, तू लिहिलंस."

"मी उद्या घेऊन येते."

"सकाळी जा."

सकाळी गेले. खोलीला कुलूप. बाजूची बाई बोलली, काल संध्याकाळीच सामान नेलं, गावाला गेले, कुणीतरी गाडी पाठवलेली, पांढरी. कान्हाशेठला कसं कळलं कुणास ठाऊक. पाच दिवस मी त्या चाळीत जात होते, कुणीतरी बघितलंच असणार. नंतर ऐकलं, बाळ्याला त्याच्या ऑफिसात शिपाई म्हणून ठेवलंय.

बाबांना सांगितलं. ते पत्रिकेचं प्रूफ तपासत होते. त्यांनी पेन्सिल कानामागे अडकवली.

"बाकीचे दहा," ते म्हणाले. "त्यांचे दाखले बघ."

मी ठाण्याला जाते आता, नोंदणीच्या खिडकीवर. गावात गेले तर लोक दार लावतात. खिडकीवरचा माणूस पण हाकलतो, मी दुसऱ्या दिवशी परत जाते. प्रत्येकाचं पूर्ण नाव विचारते, बापाचं विचारते, त्याच नावाचा नातू आहे का ते तीन तीन जणांना विचारते. तीन दाखले मिळालेत. रस्त्यावर डांबर पण पडलं. आई उत्तनहून आली की विचारते, कशाला करता हे, आणि मला तिला काय सांगावं ते कळत नाही. सात बाकी आहेत.